कुठं दुखतं?

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमचं सगळं अंग झोपलेलं आहे. हात हलत नाहीत, जीभ वळत नाही. मान तेवढी जराशी हलते, आणि उजवा अंगठा जागा आहे, आणि त्या अंगठ्याखाली एक मोठं लाल बटण आहे.

मावला गावच्या करणचं तसंच होतं. त्याच्यासमोर लॅपटॉप होता. पडद्यावर त्याच्या ताईनं, मीनलनं, शब्दांचं झाड केलं होतं. खाणं, दुखणं, बाहेर जाणं, माणसं. उजेडाची एक पट्टी एकेका फांदीवरून आपोआप खाली सरकायची. हवी ती फांदी आली की बटण दाबायचं. मग त्या फांदीतच एक चौकोन उघडायचा. त्यात दोन याद्या, जसं दुखण्यात ‘कुठं’ आणि ‘किती’, आणि खाली ‘झालं’. याद्यांतूनही तसंच निवडायचं. निवडलेलं लॅपटॉप मोठ्यानं बोलायचा.

अंगणात वांग्यांनी भरलेला टेम्पो उभा होता. बाबा, म्हणजे नागोराव, निर्मल गावच्या बाजाराला निघाले होते.

“याले नेतो मी संग,” ते दारातून मीनलला म्हणाले. “पण त्यानं सोता सांगावं. पाहू त खरं, बोलते का तुह्यं झाड!”

पट्टी ‘बाहेर जाणं’कडे सरकत होती. करणचा अंगठा घाईघाईनं जरा आधीच पडला.

“दुखतं,” लॅपटॉप म्हणाला. “कुठं?”

“अवो माय!” आई, भागाबाई, स्वयंपाकघरातून धावत आली. “काय दुखून राह्यलं माह्या बाबूचं? पोट?”

करणला त्या चौकोनातून बाहेर पडायचं होतं. पण एका यादीतून दुसरीत जाताना चौकोन मधेच मिटायचा, म्हणून मीनलनं कालच नियम घातला होता. दोन्ही याद्या भरून ‘झालं’ दाबल्याशिवाय तो मिटणारच नाही. काहीतरी दुखतंय असं सांगितल्याशिवाय सुटका नाही. आणि दुखतंय म्हटलं की निर्मलला जाणं नाही.

तो घशातून आवाज काढू लागला. मान इकडून तिकडे हलवू लागला.

“पाह्य ना, कसं तळमळून राह्यलं लेकरू!” भागाबाईनं बामची डबी उघडली.

“हात नको लावू, आई. सांगू दे त्याले.” मीनलचे डोळे भरून आले होते. “पहिल्यांदा आपल्या मनानं बोलून राह्यला तो.”

“मंग राहू दे बाप्पा,” नागोराव म्हणाले. “पुढच्या खेपेले नेऊ.”

ते अंगणात गेले. टेम्पोचं इंजिन धडधडू लागलं.

करण एकदम शांत झाला. पट्टी पहिल्या यादीवरून सरकत होती. ती यादी मीनलनं शाळेच्या भिंतीवरच्या शरीराच्या तक्त्यावरून उतरवली होती, एकही अवयव न गाळता. डोकं गेलं. कान गेले. पोट आलं, तेव्हा भागाबाईनं श्वास रोखला. पोटही गेलं. गुडघे गेले. अंगठा बटणावर तसाच तरंगत होता. यादी संपत आली, तेव्हा तो खाली पडला.

मग दुसऱ्या यादीत एकदा. मग ‘झालं’वर.

“केस दुखतात,” लॅपटॉप म्हणाला. “लई दुखतात.”

भागाबाईचा बाम लावलेला हात करणच्या कपाळाशी येऊन थांबला.

“केस?” मीनल पडद्याकडे बघत राहिली. मग ती खो खो हसत सुटली आणि अनवाणीच अंगणात धावली. “बाबा! थांबा, बाबा!”

करण हसला नाही. चौकोन मिटला होता. उजेडाची पट्टी पुन्हा झाडाच्या शेंड्यावरून निघाली होती. खाणं. दुखणं. त्यानं अंगठा बटणाच्या वर धरून ठेवला, आणि या वेळी घाई केली नाही.