पहिल्या पानापासून

"म्हाताऱ्यानं होडी पाण्यात ढकलली." बाईंनी वाक्य वाचलं, थांबल्या, आणि पुन्हा वाचलं. मग टेबलावरच्या चित्रांतलं पहिलं चित्र उचलून बघितलं. म्हातारा, होडी, काठावर कुत्रा. बरोबर होतं. खेकडीनं आज गोष्ट पहिल्या पानापासून सुरू केली होती.

खेकडी हे नाव गणिताच्या सरांनी ठेवलेलं. चौथीच्या या वर्गात दर शुक्रवारी बाई एक बिनशब्दांचं पुस्तक आणत. नुसती आठ चित्रं. प्रत्येक बाकावर त्यांच्या झेरॉक्सचा एक संच, कोपऱ्यात बाईंच्या हातचे एक ते आठ आकडे. चित्रं बघायची आणि गोष्ट लिहायची, एवढंच. एरवी निबंध म्हटला की तोंड पाडणारी पोरं या तासाला मान वर करत नसत. खेकडीही नाही. फक्त ती आठपासून एककडे यायची.

पहिलं पुस्तक झाडाचं होतं. बी रुजते, झाड वाढतं, सुतार ते कापतो, खुर्ची होते. खेकडीनं लिहिलं, "सुतारानं करवत ओढली तशा फांद्या एकेक करून खोडाला चिकटत गेल्या." दुसऱ्यात बाळाच्या हातून फुगा सुटतो. तिचा फुगा ढगातून उतरला आणि दोरा अलगद बाळाच्या मुठीत आला. तिसऱ्यात एक कुटुंब सामान भरून घर सोडतं. "ट्रक मागे मागे आला," तिनं लिहिलं, "आणि दारातली आजी रडायची थांबली."

वाक्यं स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं, आणि तिन्ही गोष्टींखाली बाईंची लाल शाई: क्रम चुकला.

"अगं, आकडे दिसतात ना तुला?" बाईंनी तेव्हा विचारलं होतं.

"दिसतात."

"मग शेवटून का सुरुवात करतेस?"

"असं केलं की शेवट चांगला होतो, बाई."

स्टाफरूममध्ये सर पोट धरून हसले होते. "बाई, आधी तिचे डोळे तपासून घ्या. ते ठीक निघाले तर डोकं." मुख्याध्यापिका मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला होता. 'घटनांचा क्रम लावता येत नाही' या ओळीपुढे खूण करायची, खाली सही करायची, की मुलगी वर्षाच्या मधेच एक इयत्ता खाली. बाईंनी खूण केली. सही करायला हात होईना. आणखी एक गोष्ट बघते, म्हणून त्यांनी मुदत मागून घेतली. ती मुदत आज चार वाजता संपत होती.

मधे आठ दिवस पोरगी आलीच नाही. तापाची साथ होती, अर्धा वर्ग खोकत होता, बाईंनी फार विचार केला नाही. आज सकाळी तिची आत्या तिला फाटकापर्यंत सोडून गेली. एरवी दोन घट्ट वेण्या असायच्या, आज केस कानापर्यंत कापलेले. उवा झाल्या असणार, बाईंच्या मनात आलं. तापानं थोडी उतरलीही होती. पण चित्रं हातात पडताच तिनं लिहायला घेतलं. एकदाही वर बघितलं नाही. सगळ्यांच्या आधी तिनं वही आणून टेबलावर ठेवली.

बाई पुढे वाचू लागल्या. प्रत्येक वाक्यासाठी त्यांनी चित्राचा आकडा पडताळला. दोन. तीन. चार. "होडी लहान झाली. मग ठिपका झाली. कुत्रा खूप भुंकला. मग भुंकायचा थांबला. आठव्या पानावर नुसतं पाणी आहे. त्याच्यापुढे पान नाही."

एकही चूक नव्हती. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, "क्रम अगदी बरोबर! शाब्बास!" मग खणातला फॉर्म काढला, त्याचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"इकडे ये गं."

खेकडी टेबलापाशी येऊन उभी राहिली. बाईंनी तिला वही दाखवली.

"बघ, जमलं की नाही? मग इतके दिवस मला का छळलंस?"

तिनं लाल शाईकडे बघितलं.

"उलटं लिहून काही होत नाही, बाई."

"तेच तर मी कधीची कानीकपाळी ओरडत होते!" बाई हसल्या आणि वर्गाकडे वळल्या. "चला रे, सगळ्यांनी हिच्यासाठी टाळ्या. जोरात!"

वर्गाला तेवढंच हवं होतं. बाक वाजायला लागले. पुढच्या बाकावरचा एक जण शिट्टीही मारून गेला. खेकडी बुटांकडे बघत उभी होती.

तेवढ्यात बाईंना रजेची चिठ्ठी आठवली. शाळेचा नियम होता, चिठ्ठी वहीच्या शेवटच्या पानाला टाचून आणायची आणि बाईंनी तिच्यावर सही करायची. आठ दिवसांची रजा, सही तर हवीच. त्यांनी वही पालथी केली आणि शेवटून उघडली.

चिठ्ठी वडिलांच्या हातची होती. "माझी मुलगी आठ दिवस शाळेत येऊ शकली नाही. तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. गेल्या गुरुवारी ती गेली. तरी रजा मंजूर व्हावी, ही विनंती."

बाईंनी हात वर केला. पण वर्ग रंगात आला होता. टाळ्या थांबेनात.