दोघांपुरतं पाणी

जपानमधल्या नागानोच्या थंडीत गॅसचा गीझर परवडेना, म्हणून फुमिए आणि तोकुजी या म्हाताऱ्या जोडप्यानं विजेचा बसवून घेतला. "निम्म्या खर्चात भागेल, आजी," दुकानदार म्हणाला. "मागच्या आठ दिवसांत किती पाणी वापरलं ते हा लक्षात ठेवतो आणि तेवढंच तापवतो."

हिवाळा सरता सरता तोकुजी गेले.

परवा लेकीनं बिल पाहिलं. "आई, बाबांना जाऊन तीन महिने झाले, तरी बिल तेवढंच? एकटीला पाणी लागतं तरी किती?"

"म्हातारपणी थंडी वाजते गं."

घरात पहिली आंघोळ कायम तोकुजींची. अजूनही रोज संध्याकाळी फुमिए त्यांच्या रिकाम्या लाकडी स्टुलावर दहा मिनिटं शॉवर सोडते आणि आपली पाळी येईपर्यंत दाराबाहेर थांबते.



नाहीतर आठ दिवसांत गीझरही त्यांना विसरेल.