गारव्याचा आवाज

एसीचा आवाज मंदावला तसे नाना ताडकन उठले. रिमोट उचलून त्यांनी तो बंद केला आणि लगेच पुन्हा चालू केला. गॅलरीतलं युनिट घरघरलं. जरा कुठे डोळा लागलेली माई दचकून जागी झाली.

ही तिसरी खेप.

छातीचं ऑपरेशन होऊन माई कालच घरी आली होती. "खोली गार ठेवा आणि त्यांना झोपू द्या," असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. बाहेर भर दुपारचं ऊन भाजून काढत होतं. आणि इथे नवराच तिला झोपू देत नव्हता.

पण नानांचा तरी काय दोष? उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला. तिथे यंत्राचा आवाज खाली आला की हातातला घास टाकून धावायचं, नाहीतर सगळ्या लाद्यांचं पाणी. गारवा हवा तर गोंगाट हवाच, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

"नाना, बिघडला नाहीये हो तो," मुलीनं दारातून सांगितलं. "खोली गार झाली की तो आपणच हळू होतो. म्हणून तर वीज कमी खातो."

"मला नको शिकवूस!" नाना नेहमीसारखे गरजले. "न ओरडता गारवा होतो होय कधी?"

मुलगी कपाळाला हात लावून गेली. एसीचा आवाज पुन्हा उतरू लागला. नानांचा हात रिमोटकडे वळला, तोच माईनं पडल्यापडल्या त्यांचं मनगट धरलं.

"अहो, तो दमानं घेतोय. तुम्हीही घ्या की जरा."

नाना स्टुलावर टेकले. जीव टांगणीला लागलेला. आता उकडायला लागेल, मग लागेल... छे! आवाज उतरत उतरत नाहीसाच झाला, पण गारवा हलला नाही. खिडकीची काच हात लावू देत नव्हती आणि तिच्यापासून हातभर आत त्यांच्या दंडावर काटा उभा राहिला होता. कारखान्यातली यंत्रं अख्ख्या गल्लीची वीज पिऊन बोंबलायची, तेव्हा कुठे बर्फ धरायचा. आणि हा पठ्ठ्या? दोन-तीन पंख्यांच्या विजेत काम करतोय, वर कसला गाजावाजा नाही. नाना त्या पांढऱ्या पेटीकडे नुसते आ वासून बघत राहिले.

मग त्या शांततेत त्यांना वेगळंच काही ऐकू आलं. माईचा श्वास. लांब, सावकाश, कुठेही न अडखळणारा. इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. नानांचे डोळे भरून आले.

मुलीनं दार किलकिलं केलं. "माई काय म्हणतेय?"

"झोपली," नाना म्हणाले.

मुलगी आईकडे बघायचं विसरली.

"नाना," ती कुजबुजली, "तुम्हाला हळू बोलता येतं?"