गुरुपादप्पांचं उद्या

"उद्या या," गुरुपादप्पा म्हणाले.

पंचशीला दुकानाच्या पायरीवर तशीच उभी राहिली. रस्त्यावर जीप थांबवून ती आली होती. "अप्पा, अँप्लिफायर उद्या नेऊन काय करू? उद्या पहाटेच लागतोय की तो. किल्लारीत."

गुरुपादप्पांनी मान वर केली नाही. समोर कुठल्याशा क्लासचा माइक उघडून पडला होता. त्याच्या तारा ते उगीचच चाचपत बसले.

लातुरात या माणसाचं नावच 'उद्याअप्पा' पडलं होतं. आजूबाजूच्या इमारतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, तासातासाला घंटा, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. आणि मधोमध हे एक दुकान, जिथं कबूल केलेल्या दिवशी वस्तू मिळाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. क्लासवाले शिव्या घालत आणि पुन्हा इथंच येत, कारण अप्पांच्या हाताला गुण होता. काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचे जुने अँप्लिफायर दुरुस्त करणारा तर आसपासच्या जिल्ह्यांत दुसरा उरलाच नव्हता. थट्टा करणाऱ्यांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. वस्तू ठरल्या दिवशी तयार असायची. अप्पा ती कापडाखाली झाकून ठेवत आणि एक दिवस उशिरा देत.

पंचशीला मुलीच्या कोचिंगसाठी लातुरात खोली घेऊन राहिली होती, तिच्यासारख्या शेकडो आया राहतात तशी. आठ दिवसांपूर्वी तिनं हा गिटारचा अँप्लिफायर रिक्षातून आणला. तिच्या भावाचा, प्रेमचा. प्रेम ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. किल्लारीच्या भूकंपात तो गेला, आणि अँप्लिफायरची ही पेटी तेव्हापासून पत्र्याच्या खोलीत पडून होती. उद्या तीस सप्टेंबर, भूकंपाला तीस वर्षं. जमीन हलली त्याच वेळी, पहाटे चारच्या सुमाराला, गावातल्या बुद्धविहारासमोर तिची मुलगी महामाया या पेटीवर गिटार वाजवणार होती. त्यासाठी गुरुपादप्पांनी एकोणतीस तारीख कबूल केली होती.

कबूल केल्यावर त्यांनी पेटीची मागची फळी काढली. आत पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: गुरुपादप्पा, २९-९-९३, ओके. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीत ते असं लिहीत आले होते. अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला होता, कंडेन्सर सुकून गेले होते. त्यांनी एकेक भाग बदलला.

"अप्पा, त्या कापडातनं उजेड यायलाय," पायरीवरून पंचशीला म्हणाली.

गुरुपादप्पा दचकले. जुनी पेटी परत देण्याआधी चार तास चालू ठेवून बघायची, ही त्यांची पद्धत. आज त्यांनी ती चालू ठेवूनच झाकली होती. पंचशीलानं आत येऊन कापड ओढलं. व्हॉल्व्ह नारिंगी पेटले होते आणि स्पीकर अगदी हळू घुमत होता.

"झालाय की हा! मग उद्या कशाला?"

"आज न्हाई देत." त्यांनी पेटी आपल्याकडे ओढली. "आजची तारीख बघा ताई. आज न्हाई."

मग ते बोलले, आणि बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना.

"तुमचा भाऊ त्या दिवशी हितंच उभा होता. म्हणला, झाला नसंल तर मित्राच्या खोलीवर राहतो, उद्या नेतो. मीच म्हणलं, थांब, संध्याकाळपातुर देतो. लई घमेंड होती मला वेळेवर काम द्यायची. मीच उचलून जीपमधी ठेवला. मीच धाडलं त्याला त्या गावात, पोरी."

तीस वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला.

पंचशीला स्टुलावर बसली. "मला ठाऊक हाय. फळी काढून आतलं नाव वाचूनच शोधत आले मी. पहिल्या दिवशीच सांगणार होते, पण पेटी उघडल्यावर तुम्ही अशे गप झालात की माझं धाडसच झालं न्हाई."

"काय सांगणार होता?"

"विसर्जनाची रात होती. दादाला कधी हा वाजवतो असं झालं होतं, पण घरात म्हातारी माणसं ओरडली. मग त्यानं हा विहारासमोरच्या मैदानात आणला, तिथनं वायर ओढली. आम्ही पोरंसोरं भोवती बसलो. लई रात होईस्तोवर वाजवलं त्यानं. पोरं तिथंच उघड्यावर झोपली. दव पडायला लागलं तसं म्हणला, गिटार भिजंल, घरात ठेवून येतो. हा जड हाय, ऱ्हाऊ दे हितंच." पदरानं तिनं डोळे पुसले. "तो आला न्हाई परत."

गुरुपादप्पांनी समोरचा माइक बाजूला सारला.

"अकरा पोरं झोपलो होतो आम्ही ह्याच्याभोवती. सगळ्यांची घरं पडली. आमच्यातल्या एकालाबी खरचटलं न्हाई. उद्या पहाटं ती सगळी यायलीत." तिनं तापलेल्या पेटीवर हात ठेवला. "त्या दिवशी तुम्ही 'उद्या ये' म्हणला असता ना अप्पा, तर आज हा न्यायला मी आले नसते."

गुरुपादप्पांनी फळी भिंतीकडून वळवली, आणि जुन्या तारखेखाली आजची तारीख लिहिली.