मधली होडी

किनाऱ्यावर उपड्या टोपलीवर बसून हेमांगी मोबाईलकडे डोळे लावून होती. खोल समुद्रात रेंज नाही, म्हणून एका होडीतल्या फोनने जवळच्या होडीतल्या फोनला निरोप द्यायचा आणि तो असाच हातोहात किनाऱ्याला यायचा, अशी तिची जुळणी. पण आपली मासळीची जागा कुणाला कळू नये म्हणून होड्या एकमेकींपासून लांब पळत, आणि साखळी रोज तुटे. सगळ्यांत लांब पळत ते तिचेच बाबा.

“आज शेवटची चाचणी, बाबा. मध्ये कुणीतरी थांबायला हवं,” सकाळी ती म्हणाली होती.

“बाय, माझी जागा मी सख्ख्या भावाला दाखवली नाही,” म्हणत त्यांनी होडी लोटली.

दुपारी फोन वाजला. पार टोकाच्या होडीचा निरोप होता: ‘इंजिन बंद पडलंय. ओढायला या.’ बाबांच्या फोनने तो पुढे धाडला होता. मदतीला लगेच होडी सुटली.

संध्याकाळी बाबा परतले. “आज मासळी लागलीच नाही,” ते आईला म्हणाले.

हेमांगीने जाळं वाळत घालायला उचललं. ते कोरडं ठणठणीत होतं.