खुंटीवरचं हेल्मेट

रेवतीच्या तेराव्यानंतर जयेश सासुरवाडीला आला आणि खुंटीवर तिचं हेल्मेट बघून दारातच थबकला. "हे इथंच विसरली ती," तो म्हणाला. "आई, निघताना मी मागे वळून बघायला हवं होतं. ट्रकनं कट मारल्यावर पडलो दोघंही, पण माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं."

मालिनीबाईंना ती सकाळ आठवली. लेकीची ओटी भरून त्यांनी तिच्या केसांत गजरा माळला, तेव्हा जयेश फाटकाबाहेर मोटरसायकल सुरू करत होता.

आत्ता गप्प राहिल्या असत्या, तर जावयानं जन्मभर स्वतःलाच बोल लावला असता.

"विसरली नाही ती. डोक्यावर चढवलं होतं तिनं," त्या म्हणाल्या. "गजरा चुरगळेल म्हणून मीच काढायला लावलं. जाईचा होता. संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नसता."