गाडीची पायरी

वेल्डिंगवाला मोहनसिंग गाडीखालून सरकत बाहेर आला आणि त्यानं विचारलं, नुसते इथं-तिथं टाके मारू की सलग पूर्ण जोड घेऊ?

उकंडरावच्या पिकअपला दोन्ही बाजूंनी, दारांच्या खाली, जाड लोखंडी पाइप बसवायचे होते. कामरगावहून त्याच्या गावाला जाणारी वाट मध्येच नाल्यात उतरते आणि तिथले गोटे गाडीचं अंग सोलून काढतात. गावातल्या एकानं स्वस्तात पाइप जोडून दिले होते, ते महिनाभरात नाल्यातच गळून पडले. मग डाव्या बाजूचा पत्रा असा चेपला की दार उघडेना. तेव्हापासून पंचफुलाला, त्याच्या बायकोला, ड्रायव्हरच्या बाजूनं चढून गिअरवरून पलीकडे सरकावं लागे. पोटात गाठ होती तिच्या. सरकताना ती पदराचा बोळा तोंडात धरी. ते पाहूनच उकंडरावनं ठरवलं होतं, की या खेपेला काम पक्क्या हाताकडून करून घ्यायचं, पैसा लागला तर लागू द्यायचा. मोहनसिंगला त्यानं विसार देऊन ठेवला होता. अकोल्याच्या दवाखान्यातून परतताना गाडी दुकानाशी लावायची, हेही नवराबायकोचं आधीच बोलून झालं होतं.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावलं. आता सलाइननं काही होणार नाही, म्हणाले. प्रवासात उगाच हाल होतील. दुखण्यावर गोळ्या लिहून देतो, घरीच ठेवा, मागेल ते खाऊ घाला. उकंडरावनं मान हलवली. आत येऊन बायकोला सांगितलं, पुढची तारीख दिवाळीच्या अलीकडची दिली आहे.

कामरगाव आलं तेव्हा त्याच्या मनात होतं, थांबूच नये. सरळ घरी जावं. पण दुकान मागे पडतंय असं पाहून पंचफुलाच म्हणाली, वळवा ना, विसरले काय. न थांबण्याचं कारण त्याला सांगता येईना. त्यानं गाडी वळवली.

आणि आता मोहनसिंग विचारत होता, टाके की पूर्ण जोड. पूर्ण जोडाला पैसे दुप्पट. उकंडरावच्या मनात आलं, टाक्यांवर भागेल. सोयाबीनच्या पोत्यांना कुठल्या बाजूनं चढायचं असतं? पोती मागून चढतात, बकऱ्याही मागून चढतात. दारानं चढणारं माणूस आता... एवढं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"पक्का जोड घे," तो म्हणाला.

"मंग दहा वर्स पाहाचं काम नाई," मोहनसिंग खुशीत म्हणाला आणि त्यानं काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढला.

पंचफुला कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. ठिणग्या उडू लागल्या तशी ती टक लावून पाहू लागली. मोहनसिंगनं हात थांबवून तिला तिकडं पाहू नका म्हणून सांगितलं, डोये खराब होतीन.

"डोयेच तं चांगले राह्यले बावा," ती म्हणाली. पण तिनं तोंड फिरवलं.

काम झालं. मोहनसिंगनं आधी पत्रा ठोकून सरळ केलेला होताच. डावं दार उघडून मिटून दाखवलं. मग पाइपवर दोन्ही पायांनी उभा राहून नाचला. गाडी हलली, पाइप हलला नाही. उकंडरावनं राहिलेले पैसे दिले. मोहनसिंगनं ते कपाळाला लावून खिशात घातले.

पंचफुला उठून दाराशी आली. पुष्कळ दिवसांनी ती आपल्या बाजूनं चढणार होती. तिनं वरच्या दांडीला धरलं, पाय उचलला. पाइपपर्यंत पाय पोचला नाही. पुन्हा उचलला. उकंडराव तिला उचलून घ्यायला पुढं झाला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. मोहनसिंगला म्हणाली, याच्याखाली एक पायरी लावून दे.

मोहनसिंगला त्यात काही जड नव्हतं. लोखंडी पट्टीचा तुकडा उरलाच होता, त्याचे पैसेही तो घेणार नव्हता. खडू घेऊन तो खाली बसला.

"वैनी, पाय किती उचलते ते दाखवा. तितक्यावर घेतो."

पंचफुलानं चप्पल काढली आणि पाय उचलला. लुगड्याखाली तिचं पाऊल सुजलेलं होतं, पोटरी मात्र काडीसारखी. मोहनसिंगनं दाराशेजारी उभ्या केलेल्या पट्टीवर पावलाच्या उंचीला रेघ मारली.

ती रेघ पाहत पंचफुला म्हणाली, "आखीन खाली घे. पुढच्या खेपेले इतका नाई उचलणार."

असं म्हणून तिनं उकंडरावकडं पाहिलं. तो बोलेल म्हणून ती थांबली. उकंडराव पट्टीकडंच बघत राहिला. रस्त्यानं एक एसटी गेली, तिची धूळ बसली.

मोहनसिंगनं अंगठ्यानं रेघ पुसली, वीतभर खाली दुसरी मारली, आणि मान हलवली.

"इतक्या खाली नाई जमत वैनी. नाल्यातल्या पहिल्याच गोट्याले लागून तुटून जाईन."

"तुटू दे," पंचफुला म्हणाली. "आज चढली म्हंजे झालं."

मग ती चपलेत पाय घालू लागली. सुजलेलं पाऊल पट्ट्यात जाईना. उकंडराव खाली बसला, तिचं पाऊल त्यानं मांडीवर घेतलं, आणि बसल्या बसल्याच मोहनसिंगला म्हणाला, "लाव."

मोहनसिंगनं मुखवटा पुन्हा खाली ओढला.